मामीचं मेंढरू

आईबापांनी ठेवलेलं नाव ही माणसाची निव्वळ तात्पुरती सोय असते, खरं नाव त्याला नाटकातच मिळतं, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मी उभ्या आयुष्यात पाहिली आणि ती म्हणजे माझी मामी. नागपूरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तिने निदान दोन पिढ्यांची मुलं नाताळच्या नाटकात उभी केली, आणि ज्याला जे काम दिलं ते त्याला जन्माचं चिकटलं. आमचे आताचे पाळकसाहेब लहानपणी बाळ येशूच्या जिवावर उठलेला हेरोद राजा झाले होते. आज ते पांढरा झगा घालून उपासना चालवतात, तरी निघताना दारात हात मिळवून मामी त्यांना "हेरोदा, उपदेश लांबला रे आज" असं सर्वांदेखत सांगायची. गावातले एक नावाजलेले हाडांचे डॉक्टर, ज्यांच्या दवाखान्यात नंबर लावायला लोक उजाडायच्या आत जातात, ते लहानपणी बोलताना अडखळायचे म्हणून मामीने त्यांच्या हातात पडद्याची दोरी दिली होती. ते तिच्या लेखी कायमचे 'पडदा' झाले. मामा हयात होते तोवर विंगेत बसून विसरलेली वाक्यं सांगायचे, म्हणून ती त्यांना 'आमचे मागून बोलणारे' म्हणायची. तिच्यासमोर ते कधी बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

मी उंट. तोही अख्खा नव्हे. पूर्वेकडचे ज्ञानी लोक ज्या उंटावरून आले त्याचा मागचा अर्धा भाग मी होतो, घोंगडीखाली वाकून, पुढच्या मुलाच्या कमरेला धरून. पुढचा अर्धा भाग मोठा होऊन रेल्वेत लागला आणि बिलासपूरला गेला, तेव्हापासून पूर्ण उंटाचा मान माझ्याकडे आला. माझ्या लग्नात मामीने माझ्या सासऱ्यांना हात जोडून सांगितलं, "आमचा उंट तुमच्या पदरात टाकला, सांभाळून घ्या." सासरे सरकारी नोकरीतले गंभीर गृहस्थ. त्यांनी पुढचा अर्धा तास माझ्या चालीकडे बघण्यात घालवला. मी चिडायचो, रुसायचो, पन्नाशीला आल्यावर तर एकदा स्पष्ट सांगितलं की मामी, माझं नाव सुहास आहे. तिने माझ्याकडे फार कौतुकाने पाहिलं आणि म्हणाली, "हो का? छान आहे."

आमच्या मंडळीतली काही माणसं दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत गोंदिया जिल्ह्यात सेवेला जातात. देवरीच्या पुढे, छत्तीसगडच्या अंगाला, मोठ्या रस्त्यापासून आत मोहाच्या झाडांमध्ये एक आश्रयघर आहे. नवऱ्याने हाकललेल्या, मारहाणीला कंटाळून निघालेल्या, कुठेच जागा न उरलेल्या बायका तिथे आपल्या लेकरांसकट राहतात. आम्ही आठवडाभर जाऊन जमेल ते करायचो. कोणी डोळे तपासायचं, कोणी मुलांची गणितं घ्यायचं, कोणी भिंतींना चुना द्यायचं. मामीला या कामांबद्दल फारसा आदर नव्हता. ती म्हणायची, "भिंतीचं काय घेऊन बसलास? एका पावसात पुन्हा जशीच्या तशी. लेकरू एकदा देवदूत झालं की झालं." ती फक्त नाटक घेऊन यायची. बसमध्ये तिचं पोट ढवळायचं म्हणून आम्ही सगळे आमगावपर्यंत रेल्वेने आणि तिथून जीपने जायचो, आणि या सगळ्या प्रवासात तिची लोखंडी पेटी कोणी ना कोणी मांडीवर घेतलेली असायची. पेटीत दाढ्या, मुकुट, झगे आणि एक कापडी बाळ येशू. पेटीची किल्ली मामीच्या गळ्यात, क्रूसाच्या शेजारी. पेटीला तिच्याखेरीज कोणी हात लावलेला तिला खपायचा नाही.

सुट्टी दिवाळीतच मिळायची, त्यामुळे त्या अंगणात प्रभूचा जन्म दरवर्षी दिवाळीत व्हायचा. मामीला त्यात वावगं वाटत नसे. उलट ती म्हणायची की लवकर येणारा हलका धान नुकताच निघालेला असतो, गव्हाणीला ताजी तणस मिळते, डिसेंबरात येऊन काय मिळणार आहे. देवदूतांना पंख हवेत म्हणून ती स्वयंपाकघरातली सुपं मागून आणायची आणि दोन दोन सुपं पोरींच्या पाठीला ओढणीने बांधायची. तांदूळ निवडायची वेळ झाली की बायका रंगमंचावर येऊन देवदूतांचे पंख सोडून घेऊन जायच्या आणि तालीम थांबायची. शेजारच्या गावातला कोणी कुंपणापाशी उभा राहून "कायचा नाटक होय जी?" असं विचारी, तेव्हा मामी एका वाक्यात सांगे, "एका अवघडलेल्या बाईला कोणी दारात उभं करत नाही, त्याचं आहे." तो माणूस मान हलवायचा आणि बसून घ्यायचा. गोष्ट त्याला ठाऊक नसली तरी बाई ठाऊक असायची.

मी गेलो त्या पहिल्याच वर्षी उतारशाळेच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, मालकाचं काम माझ्यावर आलं. मोठं माणूस कमी पडत होतं म्हणून, माझ्या अभिनयासाठी नव्हे. मी कमरेवर हात ठेवून "जागा नाही" म्हणालो आणि प्रेक्षकांतून एक बाई ताडकन उभी राहिली. "जागा नाई काऊन म्हणून राहिला रे? बाई पोटाशी हाय, दिसत नाई काय तुले?" मला पुढचं वाक्य आठवेना. आतून मामी ओरडली, "उंटा, गोठ्याचं बोल." मी घाईघाईने म्हणालो की मागे गोठा आहे, स्वच्छ आहे. "मंग तूच जाऊन झोप ना गोठ्यात," ती बाई म्हणाली, आणि सगळं अंगण हसलं. हसण्यात ती मात्र नव्हती. पदराचं टोक तोंडात धरून ती उभी होती, आणि तिच्या पायाशी घोंगडी पांघरलेलं एक मेंढरू नाटक सोडून तिला बिलगलं होतं.

ते मेंढरू म्हणजे तिची सहाएक वर्षांची मुलगी. मामीच्या नाटकात नव्या मुलीने मेंढरापासूनच सुरुवात करायची असा दंडक होता. पण या पोरीने मेंढराचं काम असं केलं की तिच्या ओरडण्याला कुंपणाबाहेरच्या खऱ्या शेळीने उत्तर दिलं. नाटक संपल्यावरही ती घोंगडी सोडीना. जेवायला रांगत आली, भात वाकून तोंडाने खाल्ला, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे तिथल्या अधीक्षिकांनी, हात धुवायला सांगितल्यावर फक्त 'बें' केलं. मामी हरखून गेली. तेव्हापासून ती मुलगी मेंढरू आणि तिची ती भांडखोर आई 'मेंढराची आई'. आपल्याकडे नाहीतरी बाईला लेकराच्या नावानेच ओळखतात. मामीची भाषा संसर्गजन्य होती, दोन दिवसांत आम्ही सगळे तेच म्हणायला लागलो.

दुसऱ्या वर्षी जीप थांबताच मेंढरू धावत आलं आणि मामीचा पदर धरून म्हणालं, "म्हातारे, या बारीले मी मरिया ना?" मामीने कपाळाला आठ्या घातल्या. मरियेचं, म्हणजे येशूच्या आईचं, काम मागून मिळत नसे. आधी मेंढरू, मग मेंढपाळ, मग देवदूत, मग मरिया, ही तिच्या नाटकाची शिडी होती, आणि पाळकसाहेबांच्या मुलीलाही तिने त्यातली पायरी गाळू दिली नव्हती. "मरिया व्हायला थांबावं लागतं गं," मामीने सांगितलं. पोरगी गुणी. त्या वर्षी ती काठी घेऊन मेंढपाळ झाली आणि तिसऱ्या वर्षी सुपं लावून देवदूत. देवदूताचं वाक्य लांबलचक होतं, मामीने ते महिनाभर घासून लिहिलं होतं. पोरीने ते साफ टाकून दिलं. दोन्ही हात वर करून ती समोर बसलेल्या बायकांना म्हणाली, "भेऊ नका जी. येथं कोणी काई करत नाई." फाटकाबाहेर मोटारसायकलचा आवाज आला तरी ज्यांच्या हातातलं काम थांबायचं अशा बायका त्या. कोणी हललं नाही. वाक्य बदललं की मामी आकाशपाताळ एक करायची, पण त्या दिवशी ती विंगेत चष्मा पुसत बसली होती.

निघताना तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं, पुढच्या दिवाळीत मरिया मेंढरू. पोरीने उडी मारली आणि आईकडे पाहिलं. मामीने आपल्या वितीने तिचं डोकं मापलं, खांद्यापासून घोट्यापर्यंत मापलं, आणि नागपूरला येऊन वर्षभर एक निळी ओढणी केली. काठाला चंदेरी गोटा, तोही हाताने लावलेला. चार वेळा लावला आणि तीन वेळा उसवला. मी म्हणालो, मामी, अंगणात दिव्याखाली कोणाला दिसणार आहे? ती म्हणाली, "तिच्या आईला दिसेल."

त्या वर्षी पावसाळ्यात तिचा गुडघा पार गेला. ऑपरेशन पडद्यानेच केलं. टेबलावर झोपवल्यावर तिने त्यांना "दोरी नीट धर रे बाबा" असं बजावलं होतं म्हणे, आणि ते बिचारे पुन्हा अडखळायला लागले. दिवाळीत प्रवास नाही, हे मात्र त्यांनी न अडखळता सांगितलं. आम्ही मामीला म्हटलं की पेटी दे, नाटक आम्ही करतो, वर्षानुवर्षं पाहिलंय. ती उशीला टेकून बसली होती. तिने गळ्यातली किल्ली मुठीत धरली. "माझ्याशिवाय नाटक होत नाही. तुम्ही त्याचं वाटोळं कराल. वर्षभराने काय बिघडतं? मरिया कुठे पळून जातेय?" आम्ही दोनदा मागितली, तिने दोनदा तेच सांगितलं. तिच्याशी वाद घालायची आमच्यापैकी कोणाला सवयच नव्हती. आम्ही एक प्रोजेक्टर आणि खेळांचं सामान घेऊन गेलो.

जीप फाटकातून आत आली तेव्हा मेंढरू पायरीवर उभं होतं. केस धुतलेले, तेल लावून चापून बसवलेले. आम्ही एकेक उतरलो. ती प्रत्येकाच्या मागे बघत होती. मग ती जीपच्या मागच्या बाजूला गेली, आत वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "पेटी कोठी हाय जी?" मी तिला गुडघ्याचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "म्हातारी नाई आली तं नाई आली," ती म्हणाली, "पन पेटी काऊन नाई आणली?" तिची आई मागे दारात उभी होती. तिचा भाऊ दसऱ्यालाच मायलेकींना घरी न्यायला आला होता, हे मला नंतर मोठ्या बाईंनी सांगितलं. भाऊ चांगला होता, घरात जागा द्यायला तयार होता, वर्षानुवर्षं ती याच निरोपाची वाट पाहत होती. तरी तिने त्याला परत पाठवलं होतं. "दिवाडीले येजो भाऊ, माह्या पोरीचा नाटक हाय." आमच्या मुक्कामातच तो पुन्हा आला आणि त्या दोघी गेल्या. मेंढराच्या केसांना तेव्हाही तेल लावलेलं होतं.

नागपूरला परतल्यावर मामीने पहिला प्रश्न विचारला, "मरिया कोण झालं?" मी म्हणालो, कोणी नाही, नाटकच झालं नाही. मग मी सगळं सांगितलं, पेटीचंही सांगितलं. मामी एरवी कोणाचं बोलणं पुरं होऊ देत नाही. त्या दिवशी तिने ऐकून घेतलं, आणि बराच वेळ गुडघ्यावरची पट्टी नीट करत बसली. "तिने केस धुतले होते?" एवढंच तिने पुन्हा एकदा विचारलं.

पुढच्या दिवाळीत मामी काठी टेकत आमच्याबरोबर आली. ओढणी पेटीत नव्हती, तिच्या स्वतःच्या पिशवीत होती. गेल्या गेल्या ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि त्या मायलेकींचं गाव विचारलं. मोठ्या बाईंनी नम्रपणे नाही म्हटलं. गेलेल्या बाईचं नाव-गाव कोणालाही सांगायचं नाही, हा तिथला पहिला नियम. मामी म्हणाली, "अहो, मी काय परकी आहे का?" मोठ्या बाई म्हणाल्या, "मामी, इथे शोधत येणारा प्रत्येक नवरा हेच म्हणतो." तरी मामीने विचारलं, निदान नाव तरी सांगा, मी माझी शोधीन. आता मात्र मोठ्या बाईंनी तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं. "तुम्हाला तिचं नाव माहीत नाही? इतकी वर्षं तुमच्याच मागे मागे असायची."

मामी माझ्याकडे वळली. मी बरोबरच्यांकडे. आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. मामी बाहेर आली, अंगणातल्या एका मुलीला तिने बिस्किटाचा पुडा दिला आणि हळूच विचारलं की ते मेंढरू होतं ना, त्याचं नाव काय गं? मुलीने पुडा परत तिच्या हातात ठेवला. "गेलेल्याचा नाव सांगाले मनाई हाय जी." मामीने पुडा पुन्हा तिच्या ओटीत घातला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरोबर केलंस बाळ. नकोच सांगू." मग ती मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "अरे उंटा, मी तिला हाक तरी काय मारू?" मामीचे डोळे भरलेले मी मामा गेले तेव्हा पाहिले होते तेवढेच, त्यानंतर त्या दिवशी.

परतीच्या वाटेवर देवरीचा आठवडी बाजार भरला होता. मामीने जीप थांबवायला लावली. बांगड्यांच्या दुकानापाशी ती काठी रोवून उभी राहिली आणि विनामाईक शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या त्या आवाजात तिने हाक मारली, "ए मेंढरा!" सगळा बाजार वळून पाहायला लागला. पुन्हा एकदा, "ए मेंढरा! मेंढराची आई!" शेळ्या विकायला आलेला एक म्हातारा लगबगीने जवळ आला. "मेंढरू हारपला काय बाई? कानाले काई खूण हाय?" एरवी अशा प्रश्नावर आम्ही आठवडाभर हसलो असतो. मामीने त्याला अगदी खरं उत्तर दिलं. "खूण काही नाही हो दादा. मी पाहिलीच नाही." म्हातारा म्हणाला, "मंग कसा भेटन जी," आणि हळहळत आपल्या शेळ्यांकडे गेला.

त्यानंतर मामी बिघडली. मी तरी त्याला बिघडणंच म्हणतो. गेल्या दिवाळीत तिने पहिल्या दिवशी तालीमच घेतली नाही. अंगणात खाट टाकून बसली आणि एकेका मुलीला, एकेका बाईला समोर बसवून नाव विचारलं. फुलवंता. दुर्पता. सुनीता, आणि दुसरी सुनीता. ती ते नाव तीनदा म्हणायची, डोळे मिटून चौथ्यांदा म्हणायची, आणि चुकलं तर पहिल्यापासून. एक आजीबाई म्हणाल्या, "मले तं इतक्या वर्सांत कोणी नावच पुसला नाई, थांबा जी, आठवतो." नाटकाची शिडीही मामीने मोडून टाकली. जिला आज मरिया व्हायचंय तिने आज व्हावं, असं तिने सांगितलं, आणि त्या वर्षी आमच्या गव्हाणीपाशी पाच मरिया बसल्या होत्या. बाळ एकच, त्यामुळे थोडी ओढाताण झाली. मेंढराच्या कामाला तिने कोणालाच घेतलं नाही. पेटीला तिने आता बऱ्याच किल्ल्या करून घेतल्यात आणि सगळ्यांना वाटल्यात, अगदी जीपवाल्यालाही, ज्याचा पेटीशी काही संबंध नाही.

नागपुरातही तेच. एका रविवारी दारात तिने "नमस्कार, पाळकसाहेब" म्हटलं आणि पाळकसाहेब इतके घाबरले की संध्याकाळी तिची तब्येत विचारायला फळं घेऊन घरी आले. पडद्याला ती आता डॉक्टरसाहेब म्हणते. त्यांच्या बायकोने मला फोन करून विचारलं, यांचं काही चुकलं का? आणि मी सुहास झालो. फोन उचलला की पलीकडून स्वच्छ आवाजात "सुहास बोलतोस ना?" असं येतं. आयुष्यभर ज्या नावासाठी मी तिच्याशी भांडलो ते मला मिळालं, आणि ते ऐकताना कोणी दुसऱ्याच माणसाशी बोलतंय असं वाटतं.

परवा या वर्षीची पेटी बांधायला तिच्याकडे गेलो होतो. दाढ्या झटकल्या, मुकुटांना नवा चमकीचा कागद लावला. तळाशी ती निळी ओढणी होती, घडी न मोडलेली. आता ती नवव्या-दहाव्या वर्षाच्या पोरीच्या मापाची, आणि ज्या डोक्यासाठी ती केली ते डोकं त्या मापाचं राहिलेलं नसणार. मामी म्हणाली, "सुहास, ती राहू दे तिथेच. बाजारात थांबू या वर्षीही." मी ओढणी तशीच राहू दिली आणि म्हणालो, "मामी, एकदा उंट म्हण ना."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, म्हणेल. मग तिने माझा हात धरून थोपटला.

"नको रे सुहास," ती म्हणाली. "उंट हरवला, तर मी शोधू कसा?"